पाच तऱ्हांचा तांडा

आमच्या टेबलाभोवती पाच जण बसतात आणि पाचही जण वेगवेगळा खेळ खेळायला आलेले असतात. टेबल म्हणजे बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या माडीवरची सतरंजी. खाली माग चालू असले की ओरडून बोलावं लागतं, म्हणून रविवारची संध्याकाळ ठरलेली. पुण्यात नोकरीला असताना मी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला शिकले. बेळगावला परत आल्यावर सोबत कुणी मिळेना, तेव्हा घरच्यांना आणि ओळखीतल्यांनाच धरलं. पुण्यातला कंपू एका वयाचा, एका धर्तीच्या नोकऱ्यांतला, तेच ते सिनेमे बघितलेला. तिथे गेम मास्टरने काहीही पुढ्यात ठेवलं तरी खपून जायचं. इथे पाच तोंडं पाच दिशांना.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. एक जण गेम मास्टर होतो, आमच्याकडे मी, आणि समोर काय दिसतंय ते सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगचा आकडा मिळवायचा. गेम मास्टरने ठरवलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त बेरीज झाली की काम फत्ते. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. नियमांचा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे लागतील तेवढी पानं मी बिनघोर मराठीत उतरवली आणि झेरॉक्स काढून वाटली. फासे मात्र ऑनलाइन मागवावे लागले. गणपत गल्लीत मिळतात ते लुडोचे.

गोष्ट कुठली घ्यायची यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. आंबोलीचा घाटरस्ता होण्याआधी बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा माल रामघाटाने उतरायचा आणि वर मीठ यायचं. लमाणांचे बैलांचे तांडे, वेंगुर्ल्यात डचांची वखार, घाटमाथ्यावर पारगड. एवढा ऐवज घरात असताना परदेशी गोष्टींतले एल्फ आणि बुटके कशाला आयात करायचे? एक तांडा, एक मोसम, पाच माणसं. भुतंखेतं आहेत, पण ती इथलीच.

आता ही पाच माणसं. चुलत दादा उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्न करतो. लोखंड निवताना आकसतं म्हणून साचा किती मोठा ठेवायचा याचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. वहिनी निपाणीच्या, माहेरी तंबाखूचा व्यापार. काका निवृत्त मास्तर. चंदगड-खानापूरकडचे सगळे गड पायाखालून घातलेले. सर बैलहोंगलचे, घरी कन्नड, इथल्या एका कॉलेजात शिकवतात आणि आमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहतात. आणि पाचवा शेजारचा पोरगा, पीयू सेकंड इयरला म्हणजे बारावीला, सीईटीचा क्लास सुटला की तसाच दप्तर घेऊन माडीवर.

पहिली बैठक फाशांशिवाय घेतली. जाणकार खेळाडू तिला सेशन झिरो म्हणतात: कुणाला काय हवं, काय नको, हे आधीच बोलून घ्यायचं. पोरगा म्हणाला, मारामारी पाहिजे. दादा म्हणाला, नियम सगळ्यांना सारखे लागू व्हायला पाहिजेत. काकांना गाव, वाटा, नद्या खऱ्याशी जुळायला हव्या होत्या. सर म्हणाले, मी बघत बसतो की. वहिनी म्हणाल्या, "मला काय बी चालतंय वन्सं, मी आपली यांच्यासंगं आलेय." नको असलेल्या गोष्टींची यादी मात्र भराभर झाली. लहान मुलांना इजा नको, देवाधर्माची टिंगल नको. मग काका म्हणाले, घाटाच्या तोंडाशी एक जकात नाका असायलाच पाहिजे. सरांनी शांतपणे विचारलं, "कुणाचा?" क्षणभर कुणी बोललं नाही आणि मग सगळेच हसत सुटले. आपल्या भागात नाका कुणाचा या प्रश्नावर किती पिढ्या गेल्या ते सांगायला नको. ठरलं असं, की नाका एका देसायाचा, देसाई कुणाचा मांडलिक ते खेळात कधीही विचारायचं नाही. हा नियम आजवर कुणी मोडलेला नाही. बाकीचे सगळे मोडले.

खेळाडूंचे प्रकार पाडायची हौस या छंदाला फार जुनी आहे. ग्लेन ब्लॅको नावाच्या खेळाडूने १९८० सालीच एका लेखात चार ओढी सांगितल्या होत्या: पात्राची ताकद वाढवत नेणारे, भूमिकेत शिरणारे, डावपेच लढवणारे आणि गोष्टीसाठी येणारे. पुढे इतरांनी या यादीत भर घातली, त्यात नुसता सोबतीला येऊन बसणारा हाही एक प्रकार निघाला. मीसुद्धा वहीत पाच नावं लिहून पुढे शिक्के मारले होते. दादा डावपेचवाला, पोरगा हाणामारीवाला, काका भटके, सर प्रेक्षक, वहिनी सोबतीला. प्रसंग आखताना प्रत्येकाच्या वाटणीचं काहीतरी घालायचं, एवढीच तेव्हाची युक्ती.

ही युक्ती कुठपर्यंत चालते ते पावसाळ्यातल्या एका बैठकीत दिसलं. तांडा नाक्यावर आलेला. मी नाक्याचा कारकून झाले होते आणि दर बैलाच्या ओझ्याचं वजन करून जकात मागत होते. दादाने हिशेब करून सांगितलं की एवढी जकात भरली तर वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत चारापाण्याला पैसे उरत नाहीत. पोरगा तलवार काढायच्या बेतात. काका नाक्यामागच्या चोरवाटेची चौकशी करत होते. आणि वहिनी, ज्या तोवर फासा टाक म्हटलं की टाकायच्या आणि पुन्हा मोबाइलकडे वळायच्या, त्या मोबाइल उलटा ठेवून म्हणाल्या, "अहो कारकून, असं कसं वो? चार दिस पावसात आलोय. वजन मालाचं करताय का पाण्याचं?"

मी कारकुनाच्या आवाजात म्हटलं, वजन ते वजन.

"मग असं करा. आत्ता पाण्यासकट जकात घ्या, आन् उतरून वाळवल्यावर परत मोजा. कमी भरलं तर फरक तुमी माघारी द्यायचा. लिहून द्या तसं. न्हाईतर दर बैलामागं काय ते धरा आन् मोकळं व्हा. मागं रांग लागलीया, बघा."

पोत्यात हात घालून तंबाखूचं पान चुरगाळल्याची, नाकाशी नेल्याची आणि तोंड वाकडं केल्याची खूणही त्यांनी केली. वखारीवर माल नाकारताना करतात तशी. दादा बायकोकडे बघत राहिला.

इथे एक जुना पेच उभा राहतो. वहिनींच्या पात्राचं पत्रक काढलं तर बोलण्याचा आकडा शून्य. त्यांनी स्वतः तो ठरवला नव्हता, पत्रक दादाने भरून दिलं होतं आणि त्याच्या हिशेबात सगळा जोर लढाईवर. नियमाने बघितलं तर १५ गाठायला वीसच्या फाशावर १५ ते २० यांतलं काहीतरी पडायला हवं, म्हणजे ३० टक्के. एवढं बोलून झाल्यावर ३० टक्क्यांवर सोडायचं? उलट फासा न टाकताच मान्य केलं, तर ज्याला तोंडाने बोलता येत नाही पण ज्याचं पात्र वाक्पटू आहे त्याच्यावर अन्याय. आम्ही मधला मार्ग काढला. माणूस काय मुद्दा मांडतो यावर लक्ष्याचा आकडा ठरवायचा. कसा बोलतो यावर काहीच नाही. वजनात पाणी धरलं जातंय हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून १५चे १० केले. १० किंवा जास्त पडायची शक्यता ५५ टक्के. शिवाय मागे रांग लागलेली, कारकुनाला घाई, म्हणून दोन फासे टाकून मोठा धरायची सवलत, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. फासे पडले ४ आणि ९. वहिनी हरल्या. पण मुद्दा बिनतोड तो बिनतोडच, म्हणून कारकून नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, हे देसायांच्या कानावर घालावं लागेल, आणि तांडा रात्रभर नाक्यावर अडकला. त्या रात्रीतून पुढच्या कितीतरी बैठका निघाल्या.

त्यानंतर वहिनींपुढचा ‘सोबतीला’ हा शिक्का मी खोडला आणि मग वही नव्याने मांडली. नावांऐवजी प्रसंग लिहायला लागले. नाका: वहिनी पुढे सरकून बसल्या. नदी ओलांडणं: दादा, काका. देवळातली रात्र: सर सरळ बसले, पण बोलले नाहीत. लांडगे: पोरगा उभाच राहिला, वहिनींनी मोबाइल उचलला. असं लिहीत गेलं की माणसाचा पिंड कोणता हे शोधायची गरज उरत नाही. कुठला प्रश्न विचारल्यावर कोण जागं होतं ते कळतं. ‘आता तू काय करतोस?’ हा एकच प्रश्न पाचही जणांना विचारणं हेच मुळात एका तऱ्हेच्या खेळाडूच्या सोयीचं आहे. वहिनींना ‘हा माणूस तुमच्याकडे काय मागतोय?’ असं विचारावं लागतं. दादाला ‘यात धोका कुठे दिसतो?’ काकांना ‘इथे पूर्वी काय असेल?’ पोरग्याला काहीच विचारायचं नाही, फक्त दार लाथ मारून उघडेल असं ठेवायचं.

सरांचा प्रश्न निराळा होता आणि मला वाटतं तो आमच्या भागाचाच आहे. नियम इंग्रजीत, त्याचं माझं भाषांतर मराठीत, आणि सर दोन्ही भाषा उत्तम जाणतात. व्याख्यान मराठीत देतील, भाजी मराठीत आणतील. पण पात्राच्या तोंडून बोलायची वेळ आली की गप्प. देवळातल्या त्या रात्री मी एक जंगम म्हातारा आणला होता, ओसरीवर पडलेला. सहज म्हणून मी सरांकडे वळले आणि म्हटलं, तुमच्या पात्राची भाषा कुठली ते आपण कधी ठरवलंच नाही. हवी तर कन्नड असू दे. आम्हाला कळेल तेवढं कळेल.

सरांनी मांडी बदलली, पाठ ताठ केली आणि त्या म्हाताऱ्याला आवाज दिला, "यारपा नी? एल्लिंद बंदी?"

कोण रे तू, कुठून आलास, एवढंच. पण तो आवाज आम्ही कुणीच आधी ऐकला नव्हता. पोटातून आलेला, शेवटच्या अक्षरावर रेंगाळणारा. मग कळलं की सर लहानपणी दोड्डाट बघत वाढले आहेत. रात्ररात्र चालणारी ती लोकनाट्यं, त्यांतले राजे, राक्षस, त्यांची डोलत येणारी एन्ट्री. त्यांच्या अंगात नट होता, फक्त तो कन्नडात राहत होता. मला मोडकंतोडकं कन्नड येतं, त्यात म्हातारा चालवला. काका मध्येच अर्थ विचारायचे, पोरगा आपल्याला सगळं कळतं म्हणून भाव खात दुभाष्या झाला. शाळेत कन्नड सक्तीचं होतं म्हणून कुरकुरणाऱ्या पोराला पहिल्यांदाच त्याचा उपयोग सापडला. तेव्हापासून नियम असा की पात्र ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलू द्यायचं, आकडे कुठल्याही भाषेत सांगा. आकडे सगळे इंग्रजीतच सांगतात, का कोण जाणे.

ज्याला अभिनय करायचाच नाही त्याची सोय वेगळी लागते. दादाला आवाज बदलून बोलणं म्हणजे शिक्षा. त्याचं पात्र कुणाला पटवत असेल तर तो सरळ सांगतो, "मी त्याला सांगतो की पूल मोडलाय, वळसा घाला." तेवढं पुरे. पुण्यात अशा खेळाडूला ‘पात्राच्या तोंडून बोल ना’ म्हणून टोचायची पद्धत होती, ती मी इथे बंद केली. पोहता येत नाही म्हणून पात्राला नदीत उतरू देत नाही असं कधी होत नाही. मग बोलता येत नाही म्हणून त्याचं तोंड का बांधायचं?

दादासारख्या खेळाडूंना या छंदात थोडं नाक मुरडलं जातं. नियमांतल्या फटी शोधतो, पात्र फार बलवान करतो, गोष्टीत रस नाही, अशी तक्रार. मला ती तक्रार आळशी वाटते. नियमांवर प्रेम करणारा माणूस मिळाला तर त्याला काम द्यावं. दादाकडे मी तांड्याची खतावणी दिली: किती बैल, कुणावर किती ओझं, किती मुक्कामांचा दाणा. पुस्तकात ओझं उचलायचा नियम आहे, ताकदीचा आकडा गुणिले १५ पौंड. ताकद १६ असेल तर २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो. दादाने त्याचे मण करायला घेतले आणि काकांनी विचारलं, कुठला मण, मुंबईचा की बंगालचा? दोन्हींत चांगला फरक होता हे खरंच आहे. त्या वादात एक आख्खी संध्याकाळ गेली. पोरगा क्लासचा अभ्यास करत बसला आणि तक्रार न करता बसला, म्हणजे बघा.

लढाईचा नकाशा हीसुद्धा दादाच्याच हट्टातून आलेली गोष्ट. तोंडी लढाई त्याला चालत नाही. कोण कुठे उभं आहे ते दिसलं पाहिजे. नियमात एक चौकोन पाच फुटांचा आणि साधारण माणूस एका खेपेला तीस फूट चालतो. चौकोनी कागद शोधायला फार लांब जावं लागलं नाही. साडीच्या किनारीची नक्षी काढायचा ग्राफ कागद आमच्याकडे गठ्ठ्याने पडलेला असतो. एका बाजूला जुनी कोयरी अर्धी रंगवलेली, मागच्या कोऱ्या अंगाला चौकोनांवर रामघाटाचं वळण. बैलांच्या जागी रिकाम्या बॉबिनी, लांडग्यांच्या जागी कॅरमच्या काळ्या सोंगट्या. वहिनींना लढाईत रस नव्हता, पण बॉबिनी कशा लावायच्या यात त्यांनी लक्ष घातलं. तांडा चालतो तेव्हा बैल असे उभे असतात काय, असा प्रश्न विचारून त्यांनी एकदा दादाची पूर्ण व्यूहरचना हसण्यावारी नेली.

खरी ठिणगी उडायची ती दादा आणि पोरगा यांच्यात. दादा एका दरवाजासमोर अर्धा तास बेत करतो. कोण पुढे, कोण मागे, दोर किती, मशाल कुणाच्या हातात. पोरगा उसासे टाकतो, फासे गोल फिरवतो आणि मग म्हणतो, "किती बोलूलेत सगळी! अक्का, मी आग लावून सोडतो." आणि लावतो. एका जळलेल्या धान्यकोठारानंतर दादा आठवडाभर त्याच्याशी धड बोलला नाही. दोघांना वेगळं काढून समजावण्यात अर्थ नव्हता. दोघेही आपल्या जागी बरोबर होते. एकाला विचार करायचाय, दुसऱ्याला विचार संपायची वाट बघायची नाहीय.

इथे दुसऱ्या एका खेळातली क्लृप्ती कामी आली. ब्लेड्स इन द डार्क या २०१७ साली आलेल्या खेळात येऊ घातलेल्या संकटासाठी कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे भाग पाडतात आणि संकट जवळ येईल तसा एकेक भाग भरत जातात. मी सहा भागांचं वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं मध्ये ठेवलं आणि वर लिहिलं, ‘देसायाचे स्वार’. दरवाजासमोरचा बेत लांबला की एक भाग काळा. गोंगाट झाला की एक भाग काळा. सहा भरले की स्वार हजर. आता दादाच्या बेताला किंमत आली, कारण वेळ हाही त्याच्या खतावणीतला एक आकडा झाला. आणि पोरग्याला कळायला लागलं की थोडं थांबलं तर मारामारी आपण होऊन चालत येते, ती पेटवावी लागत नाही. एकदा तर चार भाग भरल्यावर तोच म्हणाला, "दादा, अजून बोला की जरा." त्याला स्वार बघायचे होते.

त्याच खेळात आणखी एक सोय आहे, मागे वळून सांगायची. आधी सगळी तयारी न बोलता थेट कामाला लागायचं, आणि अडलं की म्हणायचं, ‘हे मी कालच करून ठेवलं होतं’, त्याची काही किंमत मोजून. दादाला हे मुळीच पटलं नाही. "मग काय, मी कालच देसाई झालो होतो म्हणून सांगू?" असं म्हणाला. वहिनींना मात्र ते फार आवडलं. त्यांनी कारकुनाच्या बायकोला आधीच लुगडं पोचवून ठेवलं होतं असं निघालं. तेव्हा ही सोय ज्याला हवी त्याने वापरावी असं ठेवलं. एकाच टेबलावर दोघांना दोन नियम कसे, असा प्रश्न पडेल. आमच्याकडे पडला नाही, कारण दादाला ती सवलत नको होती आणि त्याबद्दल त्याला अभिमानच होता.

फाशांचंही तसंच. वीसच्या फाशावर प्रत्येक आकडा यायची शक्यता सारखी, ५ टक्के. त्यामुळे निकाल फार हेलकावे खातो. वहिनी, सर यांना ते खटकायचं. एवढं चांगलं केलं आणि पडला ३. बोलाचालीच्या प्रसंगांसाठी आम्ही लुडोचे दोन फासे घेतले, २०१० साली आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्डच्या धर्तीवर. बेरीज १० किंवा वर आली तर हवं ते मिळतं. ७ ते ९ आली तर मिळतं पण काहीतरी द्यावं लागतं. ६ किंवा खाली आली तर गेम मास्टरच्या मनासारखं. दादाने तिथल्या तिथे ३६ जोड्या मांडल्या: सहा जोड्यांत पूर्ण यश, पंधरांत अर्धं, पंधरांत अपयश. आकड्यात १ मिळवला की १०, १६, १०. दोन मिळवले की १५, १५, ६. "म्हणजे यात मधलं फार येतंय," तो म्हणाला, थोडा नाराज होऊन. मधलं येतं म्हणूनच बोलाचालीला ते बरं. घासाघीस करणाऱ्याला पूर्ण जीत कधी मिळते? लढाईला अजून वीसचाच फासा आहे, तो हेलकावा पोरग्याला हवा असतो. वीस पडला की तो सतरंजीवर लोळतो.

काकांबद्दल आधी लिहायला हवं होतं, पण ते असेही उशिरा येतात आणि आल्यावर पाठीमागचं सगळं विचारून घेतात. त्यांना कोडं सुटण्यापेक्षा जग खरं असणं महत्त्वाचं. घाटात धुक्याचं वर्णन चुकलं तर थांबवतात. पारगड शिवाजी महाराजांनी तानाजीच्या मुलाकडे, रायबाकडे सोपवला असं सांगतात. मी गडाचं नाव घेतलं की ती गोष्ट पहिल्यापासून. सुरुवातीला बाकीचे वैतागायचे. मी काकांना आठवड्याच्या मध्ये फोन करायला लागले. पुढच्या रविवारी तांडा एका ओसाड गावात मुक्काम करणार आहे, तिथे काय असेल? रविवारी ते अर्धं पान लिहून आणतात: विहिरीचं तोंड वडाच्या मुळांनी बुजलेलं, वीरगळ उलटा पुरलेला, पायरीवर कोरलेली पावलं. तेच पान मी वाचून दाखवते. आता थांबवायचं कुणाला? जग त्यांचंच. आणि त्यांचं बोलणं बैठकीआधीच होऊन गेल्याने बैठकीत ते चक्क ऐकतात.

वीरगळाचा त्या गावच्या गुपिताशी संबंध होता. रहस्य ठेवायचं तर प्रत्येक गोष्टीचे निदान तीन सुगावे पेरावेत, म्हणजे एक हुकला, एक चुकीचा लावला तरी तिसरा सापडतो, हा या छंदातला मुरलेला सल्ला आहे. मी त्यात एवढीच भर घातली की तीन सुगावे तीन तऱ्हांचे ठेवायचे. एक वाचून-पाहून कळणारा, तो काका पकडतात. एक माणसाच्या तोंडून काढायचा, तो वहिनी किंवा सर. एक काहीतरी मोडल्याशिवाय सापडत नाही, तो अर्थातच पोरगा. उलटा पुरलेला वीरगळ त्याने फोडला तेव्हा काका मात्र खरोखर दुखावले. खोटा दगड तो, पण फोडला म्हणून. त्या दिवसापासून नको असलेल्या गोष्टींच्या यादीत एक वाढली: जुने दगड फोडायचे नाहीत.

सगळं जुळलंय असं नाही. पाच माणसांत प्रत्येकाचा प्रसंग यायला वेळ लागतो आणि रात्री नवाच्या पुढे बसता येत नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरगा नसतो, तेव्हा खेळ संथ होतो आणि सर्वांत आधी कंटाळतो तो दादा, जो त्याच्यावर सर्वांत जास्त चिडतो. वहिनींच्या धाकट्या बहिणीला यायचंय, तिला भुतं हवीत, आणि सर म्हणतात त्यांचा एक विद्यार्थी आहे. सात जण झाले तर दोन तांडे करावे लागतील, आणि दुसरा तांडा चालवणार कोण हे विचारल्यावर दादाने हात वर केला. आम्ही सगळेच चमकलो. त्याने तयारीही सुरू केली आहे. त्याच्या गोष्टीत देसाई नाही, भूत नाही, निपाणीहून कोकणात माल उतरवायचा एवढंच. बैलांचं वय, चढ, पाऊस आणि ओझं यांचा तक्ता चार पानी झालाय. वहिनींनी आत्ताच सांगून ठेवलंय, तक्ता वाचायचा नाही, बैल कुणाकडनं घ्यायचे तेवढं सांगा, भाव त्या करतील.